धातू, फॉस्फीन आणि अणुकेंद्राची साक्ष

अयोध्या नगरातील एखाद्या चौकात सायंकाळी क्षणभर उभे राहावे आणि पुढील कल्पना करून पाहावी. चौकातून चार दिशांना चार रस्ते गेले आहेत व प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक घर आहे. या चार घरांपैकी दोन घरांत दोन सख्खे भाऊ राहतात. आता हे भाऊ एकमेकांच्या शेजारच्या रस्त्यांवर राहत असतील, किंवा चौक ओलांडून अगदी समोरासमोर राहत असतील. खानेसुमारी करणाऱ्या कारकुनाच्या वहीत दोन्ही वेळा सारखीच नोंद होईल : घरे चार, भाऊ दोन. परंतु त्या चौकातील रोजचा व्यवहार मात्र दोन्ही वेळा सारखा असणार नाही.

चौकाच्या जागी प्लॅटिनमचा एक अणू ठेवला, दोन घरांत क्लोरीन बसविले आणि भावांच्या जागी फॉस्फीनचे दोन रेणू आणले, म्हणजे आजच्या विषयाचा नकाशा तयार होतो. रसायनशास्त्रज्ञ शेजारच्या मांडणीला 'सिस' आणि समोरासमोरच्या मांडणीला 'ट्रान्स' म्हणतात. अणू तेच, त्यांची संख्या तीच. फरक केवळ जागेचा. आणि या फरकाचे मोल किती असते, हे फॉस्फीनच्या जागी अमोनिया असलेल्या एका जुन्या संयुगावरून सर्वांना कळून चुकले. त्याचे शेजारच्या मांडणीचे रूप म्हणजे सिसप्लॅटिन. पेशींचे विभाजन थांबविण्याचा त्याचा गुण १९६० नंतरच्या दशकात बार्नेट रोझेनबर्ग यांच्या ध्यानात आला आणि १९७८ साली अमेरिकेत कर्करोगावरील औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. त्याचाच समोरासमोरच्या मांडणीचा भाऊ मात्र औषध म्हणून उपयोगी पडला नाही.

तेव्हा प्रश्न असा की, द्रावणात विरघळलेल्या, डोळ्यांना व सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या रेणूत कोण कोठे बसले आहे आणि कोणाचा बंध किती घट्ट आहे, हे ओळखावे कसे? यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी अणूच्या केंद्रालाच साक्षीला बोलाविले. ती साक्ष कशी घेतात, आणि ती ऐकताना शास्त्रज्ञांची काही काळ कशी गफलत झाली, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम फॉस्फीनची ओळख करून घेऊ. धान्याच्या गोदामाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हा शब्द धास्तीचा वाटेल, आणि ती धास्ती रास्तच आहे. कीड मारण्यासाठी ठेवलेल्या गोळ्यांतून जो अत्यंत विषारी वायू सुटतो तो फॉस्फीन : फॉस्फरसचा एक अणू आणि हायड्रोजनाचे तीन. आपल्या कथेतील फॉस्फीने ही त्याची भावंडे होत. त्यांत तीन हायड्रोजनांच्या जागी कार्बनाचे तीन मोठे गट असतात. या सर्वांत समान गोष्ट ही की, फॉस्फरसापाशी इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी राहते. ती जोडी तो धातूपुढे करतो आणि त्या दानातून बंध जुळतो. कधी कधी धातूही आपल्याजवळचे काही इलेक्ट्रॉन उलट फॉस्फीनकडे सरकवितो. त्याला आपण प्रतिदान म्हणू. शास्त्रात पहिल्याला सिग्मा बंध आणि दुसऱ्याला पाय बंध अशी ग्रीक अक्षरांची नावे आहेत. दान किती आणि प्रतिदान किती, या हिशोबावरून रसायनशास्त्रात मोठा वाद झाला.

आता साक्षीदाराकडे वळू. काही अणूंची केंद्रे इवल्याशा लोहचुंबकासारखी वागतात. त्यांना एखाद्या बलवान चुंबकाच्या क्षेत्रात ठेवले आणि वरून रेडिओलहरी सोडल्या, तर एका ठराविक कंपनसंख्येलाच ती प्रतिसाद देतात. आपण रेडिओची खुंटी फिरवून केंद्र लावतो, तसाच हा प्रकार. म्हणून त्याला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. ज्या चुंबकात हायड्रोजनाचे केंद्र ४०० मेगाहर्ट्झला बोलू लागते, त्याच चुंबकात फॉस्फरसाचे केंद्र सुमारे १६२ मेगाहर्ट्झला बोलते. निसर्गातील फॉस्फरसाचे झाडून सारे अणू एकाच जातीचे, ३१ वजनाचे, आणि सगळेच बोलके. त्यामुळे साक्षीदार म्हणून फॉस्फरस फार सोयीचा आहे.

फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या दोन स्वतंत्र गटांनी हे अनुस्पंदन द्रव व घन पदार्थांत १९४५-४६ च्या सुमारास प्रथम टिपले आणि १९५२ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. या विद्येचा रसायनशास्त्राशी जो संबंध जुळला, त्यात एका भारतीय संशोधकाचा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ठाऊक नाही. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या मद्यार्कातील हायड्रोजनाची केंद्रे तपासली, तेव्हा त्यांना एक नव्हे, तीन वेगळे संदेश मिळाले. रेणूत हायड्रोजन तीन वेगळ्या परिसरांत बसलेला असतो आणि प्रत्येक परिसर आपली वेगळी खूण सांगतो, असा त्याचा अर्थ. यांतील एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय येथे गुटोव्स्की, मॅकॉल आणि स्लिक्टर यांना आणखी एक चमत्कार दिसला, आणि तो नेमका फॉस्फरस व फ्लोरीन एकत्र असलेल्या संयुगांत दिसला. जेथे एक रेषा मिळावयास हवी तेथे ती फुटून अनेक रेषा मिळत होत्या. कारण असे : शेजारच्या अणूचे केंद्रही एक चुंबक आहे आणि ते दोन पवित्रे घेऊ शकते, बाहेरच्या क्षेत्राच्या बाजूने किंवा त्याच्या विरुद्ध. काही रेणूंत शेजारी एका पवित्र्यात असतो, काहींत दुसऱ्या. त्यानुसार आपल्या साक्षीदाराचा स्वर किंचित चढतो अथवा उतरतो आणि एका रेषेच्या दोन होतात. या दोन रेषांमधील अंतर म्हणजे युग्मन स्थिरांक. ते हर्ट्झमध्ये मोजतात. बाहेरचे चुंबक लहान घ्या वा मोठे घ्या, हे अंतर बदलत नाही. कारण ते यंत्राचे नसून रेणूचे असते.

येथे कोणी विचारील की, द्रावणात रेणू अखंड गिरक्या घेत असताना एका इवल्या चुंबकाचा प्रभाव दुसऱ्यावर टिकतोच कसा? पोकळीतून थेट जाणारा प्रभाव खरोखरच गिरक्यांमध्ये पुसून जातो. उरतो तो निरोप बंधातील इलेक्ट्रॉनांच्या हातून जातो, हे रॅमसे आणि पर्सेल यांनी १९५२ साली दाखवून दिले. म्हणजे युग्मन हा दोन अणूंमधील बंधातून गेलेला निरोप आहे. बंध नसेल तर हा निरोप नाही.

मात्र निरोप्यांमध्येही भेद आहे, आणि आपल्या कथेची कळ याच भेदात आहे. इलेक्ट्रॉन अणूत वेगवेगळ्या आकृतींत वावरतात. त्यांपैकी 'एस' नावाच्या गोल आकृतीतील इलेक्ट्रॉनच थेट केंद्रापाशी पोचू शकतो. 'पी' व 'डी' या आकृतींतील इलेक्ट्रॉनांना केंद्राच्या जागी मज्जाव असतो. केंद्राशी होणाऱ्या या भेटीला एन्रिको फर्मी यांच्या नावाने फर्मी संपर्क म्हणतात, आणि प्लॅटिनम व फॉस्फरस यांच्यामधील निरोप मुख्यतः याच वाटेने जातो. तेव्हा युग्मन स्थिरांक ही बंधातील एस इलेक्ट्रॉनांविषयीची साक्ष आहे. जे इलेक्ट्रॉन केंद्रापर्यंत येतच नाहीत, त्यांच्याविषयी केंद्र प्रत्यक्ष काही सांगू शकत नाही.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. प्लॅटिनमच्या अणूंपैकी सुमारे ३४ टक्केच, १९५ वजनाचे, चुंबकासारखे वागतात, बाकीचे मुके. त्यामुळे प्लॅटिनमशी बांधलेल्या फॉस्फरसाच्या आलेखात मधोमध एक उंच रेषा दिसते आणि तिच्या दोहों बाजूंना, सारख्या अंतरावर, दोन बुटक्या रेषा दिसतात. उंचीचे प्रमाण साधारण एकास चार, चारास एक. या दोन बुटक्या रेषांमधील अंतर मोजले की झाले. ट्रायब्यूटिलफॉस्फीन नावाच्या फॉस्फीनचे दोन रेणू आणि दोन क्लोरीन असलेल्या प्लॅटिनमच्या संयुगात, फॉस्फीने शेजारी असली तर हे अंतर सुमारे ३५०० हर्ट्झ भरते. समोरासमोर असली तर सुमारे २३८० हर्ट्झ. फरक जवळजवळ दीडपटीचा. कोणत्या बाटलीत कोणती मांडणी आहे, हे एका मोजणीत कळते.

हे झाले ओळखण्यापुरते. पण असे का व्हावे? येथे वादास तोंड फुटले. १९५५ साली चॅट, डंकनसन आणि व्हेनान्झी यांनी प्लॅटिनमच्या संयुगांतील एका जुन्या कोड्याचा उलगडा प्रतिदानाच्या आधारे मांडला होता. समोरचा रहिवासी या बाजूच्या रहिवाशाच्या वर्तनावर प्रभाव पाडतो, हे रसायनशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होते. त्या विचारसरणीने पाहिले तर वरच्या आकड्यांचा अर्थ सरळ लागत होता. दोन फॉस्फीने समोरासमोर असली तर धातूच्या त्याच इलेक्ट्रॉनांसाठी दोघांची ओढाताण होते; समोर क्लोरीन असेल तर तो प्रतिदान मागत नाही, म्हणून फॉस्फीनला जास्त वाटा मिळतो, बंध घट्ट होतो आणि युग्मन वाढते. याला दुजोरा देणारा आणखी एक आकडा होता. फॉस्फरसावर कार्बनाऐवजी ऑक्सिजनाचे गट बसविले की फॉस्फाइट होते. फॉस्फाइट प्रतिदान घेण्यात अधिक तरबेज, आणि शेजारच्या मांडणीत त्याचे युग्मन सुमारे ५७०० हर्ट्झपर्यंत चढते. सारे कसे चपखल बसत होते.

परंतु चपखल बसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनांचा लोभी अणू. तो जवळ आला की फॉस्फरस आपले पी इलेक्ट्रॉन त्याच्या दिशेने लावतो आणि मोकळ्या जोडीत एस चा अंश वाढतो. म्हणजे युग्मन वाढण्याचे दुसरे, दानाच्या बाजूचे कारणही त्याच क्षणी हजर असते. चोरीच्या रात्री दोन संशयित एकाच गाडीने गावात उतरले, तर केवळ उतरले यावरून कोणाला दोषी धरावे?

दोघांना वेगळे करणारी कसोटी पिडकॉक, रिचर्ड्स आणि व्हेनान्झी यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. हे व्हेनान्झी म्हणजे १९५५ च्या लेखावर ज्यांचे नाव होते तेच. त्यांनी प्लॅटिनमला आणखी दोन क्लोरीन जोडलेली संयुगे घेतली. चार घरांचा चौक होता, तेथे आता वर आणि खाली मिळून सहा घरे झाली. अशा स्थितीत प्लॅटिनम आपले इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरून ठेवतो; प्रतिदान आटले पाहिजे. शेजारी आणि समोरासमोर यांतील फरक जर प्रतिदानामुळे पडत असेल, तर तोही आता आटावयास हवा. मोजणीत काय आले? शेजारच्या मांडणीस सुमारे २०७० हर्ट्झ, समोरासमोरच्या मांडणीस सुमारे १४७०. दोन्ही आकडे उतरले, पण त्यांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ तेच राहिले, १.४ च्या आसपास. फरकाचे मूळ प्रतिदानात नव्हते.

आकडे उतरले का, याचा हिशोब तर शाळकरी मुलालाही करता येईल. प्लॅटिनमजवळ बंधासाठी एस आकृती एकच. चार बंध असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ती एक-चतुर्थांश येते. सहा असतील तर एक-षष्ठांश. म्हणजे युग्मन दोन-तृतीयांशावर यावयास हवे. प्रत्यक्षात ते सुमारे तीन-पंचमांशावर आले. इतक्या ढोबळ हिशोबाने इतके जवळ येणे, हे एस च्या बाजूने बोलणारे प्रमाण होय.

मग समोरासमोरचा फरक कशाचा? यासाठी आपल्या वसाहतीतील नळ आठवावा. चौकातून एक सरळ जलवाहिनी जाते आणि समोरासमोरच्या दोन घरांना तीच पाणी देते. समोरच्या घरी कोणी नळाला मोटर लावली की आपल्या तोटीची धार बारीक होते. शेजारच्या रस्त्यावरील घराची वाहिनी निराळी, त्याला त्या मोटरीचा त्रास फारसा जाणवत नाही. धातूतही समोरासमोरचे दोन रहिवासी एकाच सरळ रेषेवरील आकृतींचे वाटेकरी असतात. फॉस्फीन हा दणकट दाता. तो एस चा मोठा हिस्सा आपल्या बंधाकडे ओढतो. समोर दुसरे फॉस्फीन असेल तर दोघांना वाटणी करावी लागते. समोर क्लोरीन असेल तर त्याची ओढ कमी, म्हणून फॉस्फीनचा हिस्सा मोठा. उपमा उपमेपुरतीच घ्यावी. अणूत नळ नसतात. पण स्फटिकांवर क्ष-किरण टाकून केलेली स्वतंत्र मोजणी हेच सांगते : क्लोरीनसमोरचा प्लॅटिनम-फॉस्फरस बंध सुमारे २.२५ अँग्स्ट्रॉम लांबीचा, तर फॉस्फीनसमोरचा सुमारे २.३०.

याचा अर्थ प्रतिदान ही निव्वळ कल्पना होती काय? तसेही नाही, आणि येथेच सावधपणा हवा. साक्षीदार ज्या खोलीत गेलाच नाही, त्या खोलीत काय घडले ते तो सांगू शकत नाही. म्हणून तेथे काही घडलेच नाही, असा निकाल देता येत नाही. प्रतिदानाचा पुरावा दुसऱ्या वाटेने आला. १९८५ साली ऑर्पेन आणि कॉनेली यांनी अनेक स्फटिकरचना ताडून दाखविले की, धातूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले की धातू-फॉस्फरस बंध लांबतो आणि फॉस्फरसाचे आपल्या गटांशी असलेले बंध आखूड होतात. म्हणजे प्रतिदान होते, आणि ते त्याच गटांच्या बंधांशी निगडित असलेल्या रिकाम्या जागेत जाते. युग्मन स्थिरांकाने ते कधी नाकारलेही नव्हते. त्याला केवळ एस विषयी माहिती होती.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, असे आपण विचाराल. विल्किन्सनचा उत्प्रेरक म्हणून प्रसिद्ध असलेले ऱ्होडियमचे संयुग घ्या; त्याची माहिती १९६५-६६ साली प्रसिद्ध झाली. ऱ्होडियमभोवती तीन फॉस्फीने आणि एक क्लोरीन. ऱ्होडियमचे सारे अणू बोलके असल्याने येथे प्रत्येक फॉस्फरस आपली रेषा दुभंगून दाखवितो. क्लोरीनसमोर बसलेल्या एकट्या फॉस्फरसाचे ऱ्होडियमशी युग्मन सुमारे १९० हर्ट्झ. एकमेकांसमोर बसलेल्या दोघांचे सुमारे १४०. पुन्हा तीच सरळ वाहिनी, तीच वाटणी. शिवाय हे फॉस्फरस परस्परांनाही सुमारे ३८ हर्ट्झने ओळखतात, म्हणून एकट्याच्या जागी सहा रेषा आणि जोडीच्या जागी चार रेषा उमटतात. या दहा रेषा वाचल्या की रेणूचा सारा चौक डोळ्यांपुढे उभा राहतो.

ऱ्होडियम आणि फॉस्फीन यांच्या या संसाराचा मराठी मुलुखाशीही संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील आर. व्ही. चौधरी, बी. एम. भानगे आणि आर. एम. देशपांडे यांनी एच. डेल्मास यांच्यासह १९९५ साली 'नेचर' या नियतकालिकात एक युक्ती प्रसिद्ध केली. ऱ्होडियमचा महाग उत्प्रेरक पाण्यात विरघळणाऱ्या फॉस्फीनने बांधून ठेवला की तो तेलकट मालापासून सहज वेगळा करता येतो. पण मग तेलातील पदार्थ त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि क्रिया रेंगाळते. या संशोधकांनी तेलाच्या थरात साधे, पाण्यात न विरघळणारे फॉस्फीन मिसळले. ते ऱ्होडियमशी बंध जोडण्यास उत्सुक. पण ते स्वतः पाण्यात येऊ शकत नाही, आणि ऱ्होडियमचा पाण्यातील सोबती तेलात जाऊ शकत नाही. परिणामी दोघांची गाठ पाणी आणि तेल यांच्या सीमेवर पडली, आणि क्रियेचा वेग अनेक पटींनी वाढला. धातूशी कोणते फॉस्फीन बांधले गेले आणि कोणते मोकळे राहिले, हा अशा प्रत्येक युक्तीचा कळीचा प्रश्न. मोकळ्या फॉस्फीनची रेषा ऱ्होडियममुळे दुभंगत नाही, बांधलेल्याची दुभंगते. विचारण्याचा याहून सरळ मार्ग क्वचितच असेल.

अयोध्या नगरहून शहर ओलांडून भौरीला गेले की भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा परिसर लागतो. २००८ साली सुरू झालेल्या या संस्थेत अणुकेंद्राची साक्ष घेणारी यंत्रे आहेत. आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी तेथे शिकत असेल, तर त्यांनी अशा आलेखावरील बुटक्या रेषा कधी ना कधी मोजल्या असतील. त्यांना घरी आल्यावर आवर्जून विचारावे की, आकडा किती आला, आणि त्या आकड्याला नेमके काय ठाऊक होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी १९५५ च्या लेखातील एका लेखकाला अकरा वर्षांनी त्याच प्रश्नाकडे परत यावे लागले, आणि तसे येण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.